खरवसाची चव कुणी घेतली

"अम्माजी, कच्चा दूध तो नहीं पिया कहीं?" त्या डॉक्टरणीनं माझं मनगट धरल्या धरल्या विचारलं, आणि माझ्या तोंडून थाप निघून गेली. म्हटलं, बेटा, मैंने तो ऊंटनी का भी पिया है, वो खुद आती थी, घंटी बजाती थी, नाप के दे जाती थी. ती हसली. माझ्या शेजारी बसलेली माझी नात उल्काही हसली, पोटावर हात ठेवून, हल्ली ती हसताना पोट धरते तशी. डॉक्टरणीनं कागदावर टायफॉइड लिहिलं, मलेरिया लिहिलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर बाकावर येऊन बसले, उल्का बिलाच्या रांगेत गेली, आणि मग कुठे तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचला. तोवर तो बाहेरच उभा असावा, मी उत्तर देऊन मोकळी झालेली. कच्चं दूध. तीन आठवडे मला ताप येतोय. दुपारी चारला येतो, अगदी ऑफिस सुटल्यासारखा, आणि घाम फुटून जातो, कंबर अशी दुखते की कुणी आतून दोरी ओढतंय. एवढ्या दिवसांत मला हे आठवलं कसं नाही? की आठवत होतं आणि मीच त्याच्यावर गोष्टी रचत बसले?

माझं हे असंच आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. श्रीरंग, माझा मुलगा, तर म्हणतो, आईनं 'आज मंगळवार आहे' म्हटलं तरी कॅलेंडर बघून घ्यावं. आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरात मी वर्षानुवर्षं सांगितलं की एक म्हैस मार्केटमधून एक्स्पोर्टचा स्वेटर घालून निघून गेली आणि दुकानदार तिच्यामागे 'मॅडम, मॅडम' करत धावला. इतक्यांदा सांगितलं की आता मला त्या स्वेटरचा रंग दिसतो, मोरपिशी होता, एका बाहीला भोक होतं. अशी म्हैस नव्हतीच. पण रंग आहे, त्याचं काय करू? आमचे हे कृषी मंत्रालयात होते, देशातली गुरं मोजायचे, म्हणजे ज्यांनी मोजली त्यांचे आकडे मोजायचे. बळवंतराव कधी खोटं बोलले नाहीत, बिचारे बोलायचेच कमी. म्हणून मी माझ्या थापा त्यांच्या नावावर खपवायचे. त्यातली सगळ्यांत लाडकी वाटणीची. एका गावी चौघा भावांनी शेत वाटून वाटून इतकं चिंचोळं केलं की म्हैस आडवी उभी राहिली तर शिंगं थोरल्याच्या शेतात, पुढचे पाय दुसऱ्याच्या, कास तिसऱ्याच्या आणि शेपूट धाकट्याच्या. तिसरा दूध काढायचा, धाकटा शेण न्यायचा, दुसरा तिला उभी राहायला जागा दिली म्हणून मिशीला पीळ द्यायचा, आणि थोरला नुसता तिच्याशी बोलायचा. म्हैस वळली की कोर्टात तारीख. उल्का लहानपणी विचारायची, "आजी, मग तिला सर्दी झाली तर कुणाच्या शेतात?" आणि मी म्हणायचे, "चौघांच्याही, बाई. सर्दीला कुठे बांध दिसतो?" हसायचो आम्ही. त्या बाकावर बसून मला ते हसू आठवलं आणि नको झालं. कारण ते गाव मी रचलं नव्हतं. थोडं रचलं होतं. गाव तर आमच्या सेक्टरच्या मागेच आहे.

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही नोएडात आलो तेव्हा सेक्टरला नुसता नंबर होता, सेक्टर नव्हता. गच्चीवरून गहू दिसायचा. दूध घेऊन यायची ती एक उंच, हाडकुळी म्हातारी, डोक्यावर कळशी, तोंडात शिवी. तिच्या नवऱ्याची सलग जमीन होती, पार हिंडन नदीच्या काठापर्यंत. तिची एक रीत होती. जत्रेतून नवी म्हैस आणली की ती घरी आणायचीच नाही. लांबच्या शेतात, नदीकडेला, एका शिसवीखाली एकवीस दिवस बांधायची. दोरी वेगळी, बादली वेगळी, दूध कुणाला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "नई आई है, पहले देखेंगे क्या लेके आई है. बहू को सीधे घर में ले आए थे, उसी का भुगत रहे हैं." आणि मागे उभी असलेली बहू, बिरमती, ओढणीत तोंड खुपसून खुसखुसत होती. म्हणजे तेव्हा बिरमती नवीन होती. आता तिचे केस माझ्यासारखे झालेत. मधे काय झालं? म्हातारी गेली, चार मुलगे वेगळे झाले, जमिनीच्या चार पट्ट्या झाल्या, मग त्यांच्या मुलांच्या आणखी. ट्रॅक्टर वळायला शेजाऱ्याच्या गव्हात शिरावा लागायचा. मग रस्ता आला, त्यात एकाची पट्टी गेली, दुसऱ्याची उरली, तिसऱ्यानं विकली, आणि ती शिसवीखालची लांबची जागा, तिथे आता चौदा मजली बिल्डिंग आहे, खाली योगा क्लास. उरला तो गावातला घेर, त्यांचा गुरांचा वाडगा. त्यातही कमरेएवढ्या भिंती घालून चार भाग. पण नळ एकच, म्हणून पाण्याचा हौद मधोमध एकच. चारही घरच्या म्हशी चार बाजूंनी माना घालून एकाच हौदात पाणी पितात आणि भिंतीवरून एकमेकींची नाकं चाटतात. माणसं बोलत नाहीत. बिरमती आणि तिची मोठी जाऊ सहा वर्षं बोलत नाहीत, एका पाचरीएवढ्या जागेवरून. म्हशींचं मात्र छान चाललेलं असतं.

होळीनंतरचा रविवार होता. हे नक्की, कारण बिरमतीच्या कपाळाला रंग होता, केसांच्या मुळाशी, धुऊनही न गेलेला. उल्कानं मला गाडीनं नेलं. मी दर रविवारी जाते, दूध निमित्त, गप्पा खऱ्या. उल्का गाडीतच बसली, फोनवर, तिच्या ऑफिसचं काहीतरी. तिला पाचवा महिना लागत होता. नाही, चौथा संपत होता. दोन वर्षांपूर्वी तिचं एकदा राहिलं आणि गेलं होतं, त्यामुळे घरात कुणी महिने मोठ्यानं मोजत नव्हतं. नातजावई बंगळूरला, म्हणून ती आमच्याकडे. मी एकटी आत गेले. बिरमतीनं दोन महिन्यांपूर्वी जत्रेतून नवी म्हैस आणली होती, गाभण, आणि सरळ घेरात बांधली होती. लांबचं शेत कुठून आणणार? ती म्हैस खाली बसलेली, आणि तिच्या मागे कडब्यावर रेडकू. आठव्या महिन्यातलं. पुरं वाढलेलं नाही, अंगावर केस पातळ, डोळे मिटलेले. म्हैस गाभडली होती. मला बघून बिरमतीनं तोंडावर बोट ठेवलं आणि भिंतीपलीकडे बघितलं. "अम्मा, जल्दी हाथ लगा. जेठ के घर उठने से पहले." आणि मी हात लावला. काचा मारला, बांगड्या वर सरकवल्या, आणि त्या रेडकाला, वारेला, सगळ्याला पोत्यात भरायला मदत केली. माझ्या बोटांना भांड्यांच्या साबणानं भेगा पडलेल्या. झोंबलं, हे आठवतं. बिरमती म्हणत होती, "किसी को मत बतइयो. पता चल गया तो मेरी भैंस घेर से निकलवा देंगे. कहाँ बाँधूँगी, छत पे?" मी म्हटलं, नहीं बताऊँगी. मग ती म्हशीचं पहिलं दूध काढून मोरीत ओतायला निघाली, आणि माझ्यातली पुण्याची बाई जागी झाली. चीक! पिवळाधमक, दाट चीक, मोरीत? "अरी, मुझे दे दे." ती थबकली. "अम्मा, यो मत ले. जिसका कटड़ा मर जाए उसका हम नहीं खाते." मी म्हटलं, हमारे यहाँ चलता है. चालतं का आमच्याकडे? मला माहीत नव्हतं. पुण्यात चीक दारावर यायचा, कुणी विचारलंय रेडकू जगलं का म्हणून? मी स्टीलचा डबा पुढे केला.

गाडीत उल्कानं विचारलं, "काय झालं तिला, मुलगा की मुलगी?" म्हटलं, "मुलगी. तुझ्यासारखी, काळी आणि आगाऊ." हे मला बरोबर आठवतं. कारण खोटं बोलताना मी कधी विसरत नाही. खरं बोलतानाच घोटाळा होतो.

आता स्वयंपाकघर. इथे मला जपून पाऊल टाकायला पाहिजे. चीक, त्यात दूध, त्यात गूळ, जायफळ, वेलदोडा. कुकरात ठेवण्याआधी चव बघायची असते, कारण एकदा थिजला की गूळ वाढवता येत नाही. माझ्या आईकडे चव मी बघायचे, कच्च्या चिकात बोट बुडवून. खरवस शिजलेला, त्याचं काही नाही. पण ते बोट कच्चं. मला शुगर, म्हणून घरात फर्मान आहे, आईनं गोडाला हात लावायचा नाही. उल्कालाही तिच्या डॉक्टरनं गोड बंद केलेलं, शुगर थोडी वर गेली म्हणून. एका स्वयंपाकघरात दोन चोर. तर बोट कुणी बुडवलं? संध्याकाळी श्रीरंगनं विचारलं, "आई, तू चाखलंस ना?" आणि मी म्हटलं, "छे! उल्कानं बघितली चव. म्हणाली, बरोब्बर झालाय गूळ." उल्का तेव्हा आत होती. मग मी हे सुनेला सांगितलं. मग खालच्या सुनंदाबाईंना. सांगताना रंगवलं, उल्कानं कसं बोट बुडवलं, कसे डोळे मिटले, पांढरी मिशी कशी आली. आणि आता, बाकावर, तापाच्या आधीचा तो कंप घेऊन, मी डोळे मिटले की मला तेच दिसतं. उल्का, बोट तोंडात, ओठावर पांढरी मिशी. स्वच्छ. स्वेटराच्या भोकापेक्षा स्वच्छ.

मी मिशी धरून बसले. कसली मिशी? बोटानं चाखलं तर मिशी येत नाही. मिशी तोंड लावून प्यायलं तर येते. मग मी त्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि तिचे समोरचे दोन दात नव्हते. सात वर्षांची उल्का. म्हातारीनं पितळेच्या ग्लासात थेट धार काढून दिलेली, शिसवीच्या सावलीत, आणि बळवंतराव बाजूला उभे, ऑफिसची पँट वर दुमडून. ते दूधही कच्चंच, फेसाळ, कोमट. पण ती म्हातारीची म्हैस होती, एकवीस दिवस बघितलेली. हसणारी, बोबडी ती उल्का मी उचलून आजच्या स्वयंपाकघरात आणून बसवली होती, माझी चोरी लपवायला. हां. म्हणजे बोट माझं. मीच चाखलं. दोनदा चाखलं, खरं तर, आणि मग वेलदोडा आणायला आतल्या खोलीत गेले, कारण श्रीरंग वेलदोड्याची डबी देवाच्या कपाटात ठेवतो. परत आले तेव्हा पातेल्याच्या आतल्या काठावर बोटाची रेघ होती, आणि मी ती पुसली, माझीच म्हणून. उल्का खिडकीशी पाठमोरी, फोनवर. झालं. मग ताप मला. तिला काही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी बाकावर बसल्या बसल्या हसले, आणि समोरच्या सरदारजींनी आपल्या बायकोला माझ्याकडे बघायला खुणावलं.

पण हलकं वाटणं टिकलं नाही. कारण मला एवढं सोयीचं काही आठवलं की ते बहुतेक रचलेलं असतं. दात नव्हते, हे मी आत्ता काढले का? आणि नसलेच दात, तरी पुढे काय? सात वर्षांची उल्का प्यायली याचा अर्थ तिशीतल्या उल्कानं चाखलं नाही, असा कुठे होतो? मी स्वतःच्याच डोक्यात त्या घेरातल्यासारखी उभी होते, चार भिंती घातलेल्या आणि हौद एकच. मग मला रेडकू दिसलं. त्याच्यावर मी कधी गोष्ट रचली नव्हती, कुणाला सांगितलंच नव्हतं ना. ते तसंच होतं, मिटल्या डोळ्यांचं, पातळ केसांचं. माझ्याजवळ एवढंच एक खरं शिल्लक होतं. मी पर्समधून फोन काढला आणि बिरमतीला लावला.

"हाँ अम्मा, कैसी है तू?" म्हटलं, ताप है, तीन हफ्ते से. ती हळूच म्हणाली, "मुझे भी है. जोड़ दुखते हैं." मी विचारलं, और भैंसें? मागे कुणीतरी हौदात बादली आपटली. ती घेराच्या बाहेर आली असावी, आवाज मोकळा झाला. "जेठानी की भैंस का बच्चा भी परसों गिर गया. उसने भी पोटली बाँध के दबा दी. सोचती है मैंने देखा नहीं. और छोटे वाले की, दिवाली के आसपास, मुझे तो अब पता चला." म्हणजे बिरमतीची नवी म्हैस घेरात आली त्याच्याही आधी. म्हणजे कुणी कुणाला दिलं? चारातली तीन घरं आपापल्या भिंतीआड तेच पोतं पुरत होती आणि एकमेकांना 'कटड़ी हुई है' म्हणून सांगत होती. सगळीच माझ्यासारखी. मला एकदम रडू आलं, बिरमतीला कळू नये म्हणून मी खोकले. म्हटलं, सुन, मैं यहाँ डॉक्टर को सब बताने वाली हूँ. तेरा नाम भी. ती म्हणाली, "बता दे. पर ऊँट वाली मत बतइयो, सीधी बात बतइयो." तिलाही मी उंटिणीची थाप सांगितलेली, कधीतरी.

उल्का बिल घेऊन आली. म्हटलं, चल परत आत. "आजी, आता काय? रांग आहे." मी तिचा हात धरून सरळ केबिनमध्ये शिरले. आत एक माणूस शर्ट वर करून बसला होता, मी त्याला म्हटलं, भाईसाहब, दो मिनट, आप ऐसे ही बैठिए. आणि सुरू केलं, "बात ऐसी है कि एक भैंस थी—" "आजी, प्लीज!" उल्का म्हणाली. डॉक्टरणीनं घड्याळ बघितलं. आणि मला कळेना की थापेशिवाय वाक्य कुठून सुरू करतात. शेपटाकडून केलं. म्हटलं, बच्चा मरा हुआ निकला था. आठवाँ महीना. बिरमती के यहाँ, उसे भी ताप है, और उस घेर के चार घरों में तीन भैंसों के बच्चे ऐसे ही गिरे. मैंने नंगे हाथों से उठाया. उसका पहला दूध घर लाई. मना किया था, फिर भी लाई. पकाने से पहले कच्चा चखा. उँगली से.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. शर्टवाल्या माणसानं शर्ट खाली केला. उल्काचा हात माझ्या हातातून सुटला. "आजी," ती अगदी हळू म्हणाली, "तू म्हणालीस मुलगी झाली." मी तिच्याकडे बघितलं नाही. डॉक्टरणीनं एक नाव सांगितलं, जनावरांतून माणसाला येणाऱ्या तापाचं, मला ते धरता आलं नाही. साधी तपासणी आहे म्हणाली, औषध आहे, लांबलचक आहे पण आहे. त्या चारही घरांना बोलवा, गुरांच्या डॉक्टरलाही कळवा. आणि मग तिची नजर उल्काच्या पोटावर गेली. "पेट से हो, तो सच बताना ज़रूरी है. वक़्त पर पता चले तो उसकी भी दवा है. कच्चा और किसने चखा?"

"किसी ने नहीं," मी म्हटलं. "घर में सबको बोला था कि इसने चखा. झूठ था. मैंने ही चखा था. ये तो खिड़की के पास खड़ी थी." जन्मात एवढं सरळ मी कधी बोलले नव्हते. पंखा फिरत होता. मला वाटलं आता तरी कुणीतरी म्हणेल, बरं झालं सांगितलंस.

उल्का कुडत्याची बाही वर करत होती. हळूहळू, घडी घालत, कोपराच्या वर.

"तू वेलदोडा आणायला गेलीस ना," ती म्हणाली, "तेव्हा."

मला ती रेघ दिसली. पातेल्याच्या काठावरची, मी पुसलेली. पाहिलेली, रचलेली नाही. दोघींना शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसवलं, रक्त घेणाऱ्या मुलीनं दोन बाटल्यांवर नावं लिहिली, आधी हेमलता, मग उल्का. माझ्या दंडाला रबर बांधलं तेव्हा उल्कानं मोकळ्या हातानं माझा पदर धरला, लहानपणी गर्दीत धरायची तसा, आणि सुईकडे न बघता म्हणाली, "आणि आजी, गूळ कमी होता."